घाटावरचं घड्याळ आणि माझा चष्मा

आमच्या गावच्या यात्रेत तीन माणसांना कुणी उलट बोलत नाही: देवाचा पुजारी, जेवणाचा आचारी आणि बैलगाडा शर्यतीत घड्याळ धरणारा. तिसरा माणूस मी. निदान त्या यात्रेपर्यंत तरी कुणी बोलत नव्हतं.

गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे, भीमेच्या अलीकडे. मी तिथल्या हायस्कुलात खेळाचा शिक्षक. गावात पहिलं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात आलं, त्यामुळे शर्यतीच्या घाटावरची खुर्चीही मलाच मिळाली. काम सांगायला सोपं आहे. घाट म्हणजे चढावरची लांबलचक मोकळी पट्टी. खालच्या टोकाला गाडा जुंपतात. झेंडा पडला की बैल वर सुटतात. वरच्या टोकाला चुन्याची रेघ आणि रेघेशेजारी मी. झेंडा पडताना बटण दाबायचं, बैलांचा पाय रेघेला लागला की पुन्हा दाबायचं, सेकंद वाचून निवेदकाला सांगायचे, वहीत लिहायचे, पुढचा गाडा. दोन गाड्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागाचा फरक पडतो आणि तेवढ्या फरकावर दोन घरं वर्षभर एकमेकांच्या लग्नकार्याला जात नाहीत. म्हणून घड्याळवाला असा लागतो, की ज्याच्या बटणावर कुणाला शंका येऊ नये. मधली बंदीची वर्षं सोडली तर तो मान माझ्याकडे होता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडत होता. शाळेत मुलं माझं ऐकतात ते शिट्टीमुळे. घाटावर त्यांचे बाप ऐकतात.

अडचण चष्म्याची. दोन्ही डोळ्यांना वजा साडेतीन, सातवीपासून. घाटावर धूळ असते, घाम असतो, आणि गाडा भारी पळाला की लोक भंडारा उधळतात. त्या वर्षी भर दुपारी एका गाड्याच्या लोकांना गाडा अर्ध्या घाटात असतानाच विजय दिसला. त्यांनी परातभर भंडारा वाऱ्यावर सोडला आणि तो येऊन माझ्या दोन्ही काचांवर बसला. बैल, रेघ, माणसं, सगळी हळद लागलेल्या नवरदेवासारखी दिसायला लागली. मी आरडाओरड्याच्या अंदाजाने बटण दाबलं आणि सेकंद सांगितले.

गाडामालक तरातरा माझ्याकडे आला.

“सर, आमचं बैल रेघंवरनं पळालं का तुमच्या कानातनं?”

त्याला गाडा पुन्हा पळवू दिला तेव्हा कुठे तो गप्प झाला. पण शब्द घाटावर पसरला होता. आठ दिवसांनी देवळाच्या सभामंडपात यात्रा कमिटीची बैठक बसली. अध्यक्ष आबा. वय ऐंशीच्या घरात, स्वतःची बैलं कधीच विकली, पण बैलाची चाल बघून त्याने सकाळी काय खाल्लं ते सांगणारे. आणि समोर माझा चुलत भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, ग्रामपंचायतीचा सदस्य. नजर शाबूत, खिशात नवा मोबाइल आणि मोबाइलमध्ये स्टॉपवॉच. घड्याळाच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे हे मला खुर्ची मिळाली त्या दिवसापासून ठाऊक होतं.

“दादाचं घड्याळ चांगलं हाय, दादाचा हात बी चांगला हाय,” तो फार प्रेमाने म्हणाला. “फक्त मधी ती काच हाय.”

“काच पुसता येते,” मी म्हणालो.

“येती की. पण तवर बैल गोठ्यात जाऊन वैरण खातंय.”

सगळा मंडप हसला. पुजारीसुद्धा हसला, हे मी अजून विसरलेलो नाही. आबांनी हात वर केला.

“मास्तर, फुडल्या यात्रंला त्या चष्म्याचं कायतरी कर. न्हाईतर घड्याळ ह्याच्याकडं दे. आपल्याला भांडणं नको.”

म्हणजे माझ्याकडे जवळजवळ एक वर्ष होतं. मी घरी आलो आणि वही उघडली. मला कुठलीही गोष्ट रकाने पाडल्याशिवाय समजत नाही. सहलीला जाताना मुलांची यादी, मुलांच्या डब्यांची यादी आणि डबा विसरणाऱ्या मुलांची आगाऊ यादी मी करतो. त्या रात्रीच्या जेवणाआधी मी तीन रकाने पाडले: चष्मा, लेन्स, लेसर. चष्म्याच्या रकान्यात तोटे लिहिले: धूळ, घाम, भंडारा, चुलत भाऊ. फायद्यात ‘सवय’ एवढं एकच सुचलं.

बायको शेजारी भाजी निवडत होती. ती केडगावची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका, आणि माझ्या वह्यांकडे ती मुलांच्या वह्यांकडे बघते त्याच नजरेने बघते.

“अहो, मला बघायला आलात तेव्हाही अशीच यादी केली होती का?”

“केली होती.”

“मग मी कितवी आले?”

“ती वही आता सापडत नाही,” मी म्हणालो, आणि मेथीची एक जुडी माझ्यापुढे येऊन पडली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला गेलो. लेसरचा रकाना आधी निकालात काढायचा होता, कारण स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जात होतं. एकाच्या मेहुण्याने लेसर केलं होतं आणि त्याला म्हणे आता पंगतीत पलीकडच्या टोकाला कुणाच्या ताटात किती जिलब्या आहेत ते दिसतं. असा माणूस घड्याळाला बसला तर बैलाच्या खुरांवरचे केस मोजेल.

दवाखान्यात माझी हनुवटी एका मशीनवर टेकवली. आत लांबच लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसत होता. तो धूसर व्हायचा, स्पष्ट व्हायचा. नंतर आणखी दोन मशीन झाली. मग एक लांबलचक फॉर्म दिला, तो मी बाकावर बसून भरला आणि डॉक्टरांपुढे जाऊन बसलो. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या.

“जवळचं वाचायला काही त्रास?”

“अजिबात नाही,” मी छाती पुढे काढून म्हणालो. “सत्तेचाळीस पूर्ण झाली, पण वाचायचा चष्मा अजून लागला नाही. आमच्या स्टाफमध्ये मी एकटाच.”

“आत्ता हा फॉर्म कसा भरलात?”

“पेनाने.”

“ते दिसतंय. भरताना चष्मा कुठे होता?”

मी आठवायला लागलो. डॉक्टरांनी माझ्या कपाळाकडे बोट केलं. चष्मा अजून तिथेच होता. मी तसाच आत आलो होतो.

त्या हसल्या आणि मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी वाचताना चष्मा कपाळावर सरकवतो, कारण माझ्या नंबरमुळे मला वीतभर अंतरावरचं उघड्या डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. बाकीच्यांना चाळिशीनंतर वाचायला चष्मा लावावा लागतो, मला काढावा लागतो, एवढाच फरक. लेसरने नंबर घालवला की लांबचं झकास दिसेल, पण मग वाचायला मात्र इतरांसारखाच चष्मा लागेल.

“म्हणजे एक चष्मा काढायला यायचं आणि दुसरा घेऊन जायचं?”

“तसं म्हणा हवं तर. आणि नंतर काही आठवडे धूळ अजिबात नको, डोळे चोळायचे नाहीत.”

मला धूळ नको असेल तर आमचं गाव सोडूनच जावं लागेल. मी त्यांचे आभार मानले, बाहेर येऊन वही काढली आणि लेसरच्या रकान्यात ठळक लिहिलं: ‘जवळचं जाणार’. खाली दोन रेघा ओढल्या. रकाना बंद.

इथे माझी चूक झाली, आणि ती चूक माझ्यासारख्या शिस्तीच्या माणसालाच जमते. ‘जवळचं जाणार’ हे मी लेसरच्या रकान्यात लिहिलं. लेन्सच्या रकान्यात लिहिलं नाही. डोळे तेच, नंबर तोच, वय तेच. लेन्स घालून नंबर झाकला तरी तेच होणार, हे आमच्या आठवीच्या पोराने सांगितलं असतं. पण माझे रकाने वेगळे होते आणि मध्ये फूटपट्टीने मारलेली रेघ होती. मी रेघ ओलांडत नाही.

मग सहामाहीचे निकाल आले, जिल्हा पातळीच्या स्पर्धा आल्या, स्नेहसंमेलन आलं. यात्रेला दहा दिवस राहिले तेव्हा मी केडगाव स्टेशनवर मोटरसायकल लावून दौंडची गाडी पकडली. दौंडला बाजारपेठेत एक चष्म्याचं दुकान आहे, तिथे लेन्स बसवून देतात. नंबर तपासला, डोळ्यांचं माप झालं आणि एका हसऱ्या मुलीने मला आरशापुढे बसवलं.

“काका, उजव्या हाताच्या बोटावर लेन्स घ्यायची, डाव्या हाताने पापणी वर धरायची आणि सरळ बघायचं. डोळा मिटू नका.”

“मी मिटत नाहीये. तो मिटतोय.”

“त्याला सांगा.”

मी वीस-बावीस वर्षांत हजारो मुलांना ‘सावधान’मध्ये उभं केलं आहे. स्वतःच्या एका पापणीला मला उभं करता येईना. लेन्स बोटावरून गालावर, गालावरून मिशीत. मिशीतून ती त्या मुलीने चिमटीत धरून काढली, धुतली, पुन्हा दिली. मी आलो तेव्हा ज्यांची तपासणी सुरू होती ते लोक चष्मे निवडून, भाव करून निघूनही गेले. एक आजीबाई जाता जाता म्हणाल्या, “अवो, सुनंला आणायचं संगट. तिनं घातली असती.”

शेवटी दोन्ही बसल्या. मी मान वर केली. रस्त्यापलीकडच्या रसवंतीच्या पाटीवर रंगवलेलं लिंबू, त्या लिंबाचं देठ, पाटीवर बसलेला कावळा, कावळ्याच्या चोचीतला पापडाचा तुकडा. आणि नाकावर काही नाही, कानामागे काही नाही! मला तिथेच शिट्टी वाजवावीशी वाटली.

“वाचायला काही अडचण नाही ना, काका?”

“कधीच नव्हती,” मी ठामपणे म्हणालो. वाक्य सत्तेचाळीस वर्षं खरं होतं, ते नेमकं पाच मिनिटांपूर्वी खोटं झालं होतं. तिने सूचनांचा कागद दिला, त्यावरची अक्षरं मुंग्यांच्या वारुळासारखी दिसली. एवढी झटापट झाल्यावर डोळ्यांत पाणी येणारच, असं मी तिला आणि स्वतःला सांगितलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

घरी बायकोने दार उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

“तुम्ही असे दिसता होय!”

“लग्नाला बावीस वर्षं झाली.”

“हो, पण चष्म्यामागे काय आहे ते कुठे माहीत होतं.” मग माझ्या हातातली पिशवी घेत, “घरात चष्माच घालत जा.”

पुढच्या नऊ दिवसांचं मी वेळापत्रक केलं. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत न्यायचं. लेन्स घालून मैदानावर जायचो, लांबून कोण पोरगं भिंतीआड तंबाखू मळतंय ते ओळखायचो, घरी येऊन लेन्स काढायचो आणि मग उघड्या डोळ्यांनी पेपर वाचायचो. लेन्स असताना मोबाइल धूसर दिसतो हे लक्षात येत होतं. ‘डोळे सरावायला वेळ लागतो’ असं मी वहीत लिहून ठेवलं. वहीत लिहिलं की माझं समाधान होतं.

यात्रेचा दिवस उजाडला. मी घाटावर गेलो तो नाकावर काहीही न ठेवता. लोक वळून बघत होते. आबांनी खुर्चीतून मान हलवली. चुलत भाऊ मोबाइल घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर, ‘नुसता बसतो’ म्हणून, बसलेला.

“दादा, लई मोकळं मोकळं दिसताय.”

“दिसतंयही मोकळं मोकळं,” मी म्हणालो.

पहिला गाडा जुंपला. खालचा झेंडा एवढा स्वच्छ दिसत होता की झेंडेवाल्याच्या मनगटावरचा गंडासुद्धा दिसला. झेंडा पडला, बटण दाबलं. बैल धूळ उडवत आले, पाय रेघेवर पडला, बटण दाबलं. इतकं नेमकं मी आयुष्यात कधी दाबलं नव्हतं. मग मी घड्याळाकडे बघितलं.

घड्याळाच्या काचेत राखाडी रंगाचं काहीतरी होतं.

माझा हात सवयीने कपाळाकडे गेला आणि चष्मा वर सरकवायला लागला. चष्मा नव्हता. मी भर घाटावर स्वतःची कातडी वर सरकवत होतो. आणि त्या क्षणी मला दवाखाना, कपाळ आणि वहीतली ती फूटपट्टीची रेघ, तिन्ही एकदम दिसली.

“सर, सेकंद?” निवेदक माइक धरून उभा. हजारभर माणसांच्या माना माझ्याकडे. शेजारी चुलत भाऊ पुढे वाकलेला, त्याच्या चेहऱ्यावर उजाडायला लागलेलं.

अंदाजाने आकडा सांगणं मला शक्य नव्हतं. ते एकदा केलं होतं आणि ते पिवळं होतं. ‘दिसत नाही’ म्हणणंही शक्य नव्हतं. मी उठलो, शांतपणे घड्याळाकडे एक नजर टाकली, मान डोलावली आणि घड्याळ निवेदकाच्या हातात दिलं.

“यंदापासून सेकंद मी सांगणार नाही,” मी मोठ्याने म्हणालो. “घड्याळ निवेदकाने स्वतः वाचायचं आणि गाडामालकाला दाखवायचं. कुणाला शंका नको. कारभार पारदर्शक पाहिजे.”

निवेदकाने तो शब्द माइकवर घेतला आणि त्याचं सोनं केलं. “पाऽऽरदर्शक कारभार! सर्वांच्या साक्षीनं, बाऽऽरा सेकंद...” घाटावर टाळ्या पडल्या. मागच्या वर्षी माझ्या कानातून बैल पळवणारा गाडामालकसुद्धा टाळ्या वाजवत होता.

दहा-बारा गाडे असे गेले. मी बटण दाबायचो आणि घड्याळ पुढे करायचो, पुढारी मोठ्या मनाने सत्ता सोडतात तसं. पण चुलत भाऊ माझ्याबरोबर एकाच ताटात जेवून मोठा झालेला. त्याला माझा मोठेपणा पचेना. निवेदक चहाला गेला तसा त्याने स्वतः लिहिलेला पुढच्या गाड्यांचा कागद माझ्यापुढे धरला.

“दादा, तवर एवढी यादी तुम्हीच वाचा की माइकवर. तुमचा आवाज चांगला हाय.”

कागदावर मुंग्या. भाऊ गोड हसत होता.

“वाचतो,” मी म्हणालो. “डोळ्यात कण गेलाय, एवढा काढून येतो.”

पाण्याच्या टँकरमागे जाऊन मी पिशवी उघडली. साबण, नॅपकिन, आरसा, डबी, लेन्सचं पाणी, सगळं यादीप्रमाणे होतं. आता काय करायचं? दोन्ही लेन्स काढल्या तर झेंडा जाईल. ठेवल्या तर कागद जाईल. हात धुतले, पुसले आणि डाव्या डोळ्यातली लेन्स काढून डबीत ठेवली, आधी एका डोळ्याचं बघू म्हणून. खिशातला सूचनांचा कागद काढून बघितला. डाव्या डोळ्याने अक्षर न् अक्षर दिसलं. मान वर केली. उजव्या डोळ्याने झेंडा दिसला. डोकं जरा गरगरत होतं, एखाद्या गाड्याला एक बैल आणि एक घोडा जुंपावा तसं, पण गाडा चालत होता.

मी परत आलो आणि सगळी यादी माइकवर खणखणीत वाचली. एका नावाच्या स्पेलिंगमधली भावाची चूकही दुरुस्त केली. भावाने माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग टँकरकडे बघितलं.

“त्या टँकरमागं डाक्टर बसलाय का काय?”

आता वाचता येत होतं, तेव्हा पुढच्या गाड्याला मी सेकंद स्वतःच वाचायला तोंड उघडलं. तोच गर्दीतून आरडाओरडा. “ओ सर! दाखवा की! पारदर्शक, पारदर्शक!” मला घड्याळ पुढे करावंच लागलं. संध्याकाळपर्यंत मी ते पुढे करत राहिलो, वाचता येत असून.

त्या यात्रेत एकही भांडण झालं नाही. खरा त्रास नंतर सुरू झाला. बाजारात, दूध डेअरीवर, एसटीच्या थांब्यावर लोक मला ‘पारदर्शक सर’ म्हणायला लागले. वरून कमिटीने ठरवलं, की बैठकीत शाल-नारळ देऊन सरांचा सत्कार करायचा. मी बायकोला सगळं खरं सांगितलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

“मग आता काय करू?”

“शाल घ्यायच्या आधी आबांना सांगून या. नंतर परत करताना फार लाज वाटेल.”

“घड्याळ जाईल.”

“जाईल. पण आत्ताही अर्धंच आहे ना तुमच्याकडे?”

बैठकीच्या दिवशी सकाळी मी आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा आला. मी दवाखान्यापासून सुरुवात केली, कारण मला मधून सांगता येत नाही. लेसर, लेन्स, रकाने, सगळं क्रमाने. शेवटी म्हणालो, “आबा, तो पारदर्शक कारभार वगैरे काही नव्हता. मला घड्याळावरचं दिसतच नव्हतं.”

आबांनी बशीतला चहा संपवला.

“म्हाईत हाय.”

“कुणी सांगितलं?”

“पयल्या गाड्याला तू घड्याळ बघून मान डोलावलीस. तवा घड्याळ उलटं धरलं हुतं तू.”

मला ओट्यावरून खाली उतरून कुठेतरी जावंसं वाटलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“मी घड्याळ कुठं बघत हुतो? मी तुझा अंगठा बघत हुतो. बैलाचा पाय आन् तुझा अंगठा, दोनी एका टायमाला पडत हुतं. मागल्या साली पडत नव्हतं.” त्यांनी बशी खाली ठेवली. “त्या भिंगानं डोकं फिरतंय का तुझं?”

“एकच घातलं तर फिरतं.”

“मग कशाला घालतो? तुला आता लांबचंच बघायचंय. चष्मा घाल, वर टोपी घाल, आन् भंडारा उधळणाऱ्यांना मी बघतो. रेघंपासून पन्नास पावलं लांब उभं करतो एकेकाला.”

“आणि वाचायचं कुणी?”

आबा हसले तेव्हा मला उत्तर कळलं आणि ते मला आवडलं नाही.

संध्याकाळी बैठकीत सत्काराचा विषय आबांनी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बाजूला सारला आणि निर्णय सांगितला. दाबायचं काम सरांचं, वाचायचं काम सरांच्या धाकट्या भावाचं. एकाने दाबायचं, दुसऱ्याने वाचायचं, गाडामालकाने बघायचं. भाऊ माझ्याकडे बघून हसला, मी वहीत बघून लिहिलं. अर्धं घड्याळ गेलं होतं. अर्धं राहिलं होतं. कुठलं अर्धं मोठं, यावर मी घरी येऊन दोन रकाने पाडले. बायकोने वही मिटून टाकली.

यंदाच्या यात्रेला मी चष्मा घालून, टोपी घालून घाटावर बसलो. भंडारावाले पन्नास पावलांवर, त्यांच्यापुढे आबांची खुर्ची आणि हातात काठी. शेजारी धाकटा भाऊ. तो सेकंद असे काही वाचतो की निवेदकाला माइक धरून नुसतं उभं राहावं लागतं. आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

दुपारी मांडवगणकडच्या एका पाहुण्या गाडामालकाचा गाडा आला. सेकंद ऐकून तो भडकला आणि थेट माझ्यापुढे उभा राहिला.

“एवढं सेकंद? बैल तर कवाच आलं हुतं. ह्या असल्या जाड काचंच्या माणसाला घड्याळाला बसवलंय कुणी? ह्यांना रेघ तरी दिसती का?”

मी उत्तर द्यायला उठत होतो. त्याआधी भाऊ उठला.

“ओ पाव्हणं, सरांच्या डोळ्यांवर बोलायचं न्हाई.”

“का बोलायचं न्हाई?”

“अठरा वर्सं ह्यो माणूस घड्याळ धरतोय. अंगठा बघा त्याचा, अंगठा. तुमचं बैल रेघंच्या अलीकडं दम खात हुतं, सगळ्या घाटानं बघितलंय. आन् चष्म्याचं काय बोलायचं ते आमी भाऊ-भाऊ बोलतो. घरात. तुमी पावणं हाय, पावण्यासारखं ऱ्हावा.”

पाहुणा पुटपुटत गेला. भाऊ खाली बसला, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि खालच्या झेंड्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाला, “दादा, खरं सांगा. दिसली हुती ना रेघ?”

“दिसली होती.”

“न्हाई, आपलं इचारलं. लई बोलून बसलोय मी.”

खाली पुढचा गाडा जुंपत होते. मी चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा नीट पुसल्या, पुन्हा घातला आणि अंगठा बटणावर ठेवला.